ऑफिस गावात असावं की गावाबाहेर?

सांगलीतल्या एखाद्या घरात मुलाला किंवा मुलीला पुण्यात नोकरी लागली की पहिला प्रश्न पगाराचा असतो, दुसरा राहायच्या सोयीचा. ऑफिस नेमकं कुठे आहे, हे बऱ्याचदा विचारलंच जात नाही. ‘पुण्यात’ म्हटलं की झालं. पण पगाराचा आकडा अगदी सारखा असला तरी भर शहरातल्या शिवाजीनगरच्या ऑफिसातली नोकरी वेगळी आणि हिंजवडीच्या आयटी पार्कमधली नोकरी वेगळी. दिवस कसा जाईल, किती पैसे उरतील, घरी कोणत्या अवस्थेत पोचाल, पुढची नोकरी किती सहज मिळेल, हे सगळं त्या पत्त्यावर ठरतं. आणि हा प्रश्न आता फक्त पुण्या-मुंबईचा राहिलेला नाही. सांगलीचीही कार्यालयं, दवाखाने, क्लासेस, नवी व्यापारी संकुलं राजवाडा चौकाकडून विश्रामबाग, विजयनगर, मिरज रस्त्याकडे सरकत आहेत.

ऑफिस मध्यवस्ती सोडून बाहेर का जातं, त्यात कुणाचे पैसे वाचतात आणि कुणाचे जातात, हे एकदा नीट समजून घेतलं पाहिजे.

शहराच्या मध्यात जागा थोडी आणि मागणारे पुष्कळ. तिथे अखेर तोच टिकतो, ज्याचा गल्ला मध्यावर असल्यामुळे वाढतो. हरभट रोडवरच्या कापड दुकानाला रस्त्यावरून जाणारं माणूस हवं असतं. सराफाला, मेडिकलवाल्याला, बँकेच्या शाखेला गिऱ्हाईक दारातून आत यायला हवं असतं. पण त्याच बँकेचा कर्जाच्या फायली तपासणारा विभाग घ्या. तिथे गिऱ्हाइकाचं काहीच काम नाही. माणसं कॉम्प्युटरसमोर बसणार, फायली बघणार. ते काम राजवाडा चौकात बसून केलं काय आणि माधवनगरला बसून केलं काय, सारखंच. विल्यम अलोन्सो या अभ्यासकाने १९६४ साली याची पद्धतशीर मांडणी केली. मध्यापासून लांब जावं तसतसं भाडं उतरत जातं, आणि प्रत्येक धंदा त्या उतारावर आपल्याला परवडेल अशा जागी थांबतो. दुकान वरच्या टोकाला, गोदाम खालच्या टोकाला. ऑफिसचं मात्र पूर्वी पक्कं नव्हतं. कागद, टपाल, फोन, बँक, कोर्ट या सगळ्यांसाठी त्याला मध्यावर राहावंच लागायचं. काम कॉम्प्युटरवर आलं आणि ऑफिसचा हा पाय मोकळा झाला.

मग सगळीच ऑफिसं बाहेर का गेली नाहीत? कारण एकमेकांच्या शेजारी असण्यातही पैसा असतो. अल्फ्रेड मार्शल या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १८९० मध्येच हे ओळखलं होतं. एका धंद्यातली माणसं एका ठिकाणी जमली की तीन गोष्टी मिळतात. हाताखाली तयार कारागीर मिळतो, लागणारा माल आणि सेवा देणारे आसपास दुकान थाटतात, आणि धंद्यातल्या खाचाखोचा नुसत्या कानावर पडून समजत जातात. मार्शलचं म्हणणं डोळ्यांनी बघायचं असेल तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत चक्कर मारा. भोपळा, लाकूड, तारा, जवारी लावणारा (म्हणजे तारेला झंकार यावा म्हणून घोडी घासून देणारा) हात, सगळं चार पावलांवर. यातला एकच कारखाना उचलून चाळीस किलोमीटरवर नेला तर भाडं वाचेल, पण जवारीसाठी परत मिरजेलाच यावं लागेल.

ऑफिसांचंही असंच असतं, आणि सांगलीत ते फार जवळून बघायला मिळालं. जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा न्यायालय पूर्वी राजवाड्याच्या परिसरात होतं, आता दोन्ही विजयनगरला आहेत. कोर्ट म्हणजे फक्त न्यायाधीश आणि वकील नव्हेत. मुद्रांक विक्रेता, नोटरी, टायपिस्ट, झेरॉक्सवाला, कोर्ट फीची तिकिटं विकणारा, सातबाऱ्याचे उतारे काढून देणारा, चहाची टपरी, पक्षकारांसाठी राइसप्लेटची खानावळ, असा तो एक अख्खा बाजार असतो. जत किंवा आटपाडीचा शेतकरी सकाळच्या एसटीने येतो, त्याचा वकील त्याला कागदात एक चूक दाखवतो, आणि दुपारच्या पुकाऱ्याच्या आत तो कागद नव्याने टाइप होऊन, तिकीट लागून, नोटरी होऊन हातात पडतो. हे शक्य होतं ते सगळे दोन-तीनशे पावलांत असल्यामुळे. ती इमारत बाहेर नेली की हा बाजार आपोआप तिच्या मागे जात नाही. तो हळूहळू, तुकड्यातुकड्याने जातो, आणि मधल्या काळात माणसाची फरफट होते. वकिलाचं ऑफिस अजून गावात, कोर्ट विजयनगरला, आणि पक्षकार दोन्हींच्या मध्ये रिक्षात.

एसटी स्टँडवरून राजवाड्याला चालत जाता यायचं. आता स्टँडच्या बाहेर वडापवाला विचारतो, “मामा, कोर्टाला जायचंय? बसा, विश्रामबाग, विजयनगर, मिरज.” भाडं थोडंच असतं, पण तारखेला वर्षातून सहा-सात वेळा यावं लागणाऱ्या माणसाला तेही जाणवतं. आणि मिरजेच्या बाजूने येणाऱ्याला मात्र तेच ठिकाण जवळ पडतं. कार्यालय हललं की कुणाचं अंतर कमी होतं आणि कुणाचं वाढतं, हे असं माणसागणिक बदलतं. म्हणून ‘बाहेर नेलं, बरं झालं’ किंवा ‘बाहेर नेलं, वाईट झालं’ असं एका वाक्यात सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

गावाबाहेरच्या ऑफिसची कल्पना मुळात अमेरिकेतली. बेल या टेलिफोन कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेने १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क शहरातला गोंगाट सोडून न्यू जर्सीतल्या मरे हिलला हिरवळीत इमारती बांधल्या. पुढे १९५० च्या दशकात विमा आणि खाद्यपदार्थांच्या मोठ्या कंपन्यांनी आपली मुख्यालयंही उपनगरांत नेली, आणि १९५६ च्या कायद्याने देशभर महामार्गांचं जाळं विणायला घेतल्यावर हा ओघ वाढला. पण या सगळ्याच्या मागे एक गोष्ट गृहीत होती. प्रत्येक कर्मचाऱ्याकडे स्वतःची मोटार असेल आणि ती उभी करायला जागा मिळेल.

त्या गृहीतकाची किंमत जमिनीत मोजून बघा. उभ्या मोटारीला साधारण अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. तिला आत-बाहेर करायला लागणारा रस्ता धरला की हा आकडा पंचवीस-तीसवर जातो. आणि तिच्यातून उतरलेला माणूस ऑफिसात बसतो तेव्हा त्याचं टेबल, खुर्ची, वाट, मीटिंगची खोली, सगळं मिळून त्याच्या वाट्याला सहा ते दहा चौरस मीटर येतात. म्हणजे माणसाला जागा कमी आणि त्याच्या गाडीला जागा जास्त. सगळे मोटारीने येणार असतील तर ऑफिसपेक्षा पार्किंग मोठं करावं लागतं, इमारती एकमेकींपासून लांब जातात, मधे चालण्यासारखं काही उरत नाही, आणि चालण्यासारखं काही नाही म्हणून पुन्हा गाडीच काढावी लागते. सांगलीत हे गणित थोडं सुसह्य आहे, कारण आपल्याकडे दुचाकी जास्त आणि दुचाकीला दोनेक चौरस मीटर पुरतात. पण मोटारी वाढत आहेत, आणि विश्रामबागच्या चौकात संध्याकाळी उभं राहिलं की ते कळतं.

आपल्याकडे पार्क उभे राहिले त्याची कारणं थोडी वेगळी. एमआयडीसी १९६२ पासून गावाबाहेर मोठी सलग जमीन घेऊन रस्ते, पाणी, वीज देत होतीच. कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहती त्यातल्याच. कारखान्यांसाठी बसवलेली ही घडी पुढे सॉफ्टवेअरसाठी वापरली गेली, आणि पुण्याच्या वेशीबाहेर हिंजवडीला राजीव गांधी इन्फोटेक पार्क झालं. त्यात २००५ चा विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा आला. अशा क्षेत्रात निर्यातीचं काम करणाऱ्या नव्या युनिटला नफ्यावर पहिली पाच वर्षं पूर्ण आणि पुढची पाच वर्षं निम्मी करमाफी मिळायची. २०२० पर्यंत सुरू झालेल्या युनिटांना ही सवलत होती. पण क्षेत्र सलग आणि बंदिस्त हवं, येणाजाण्यावर नियंत्रण हवं, ही त्यातली अट. लक्ष्मी रोडवर असं बंदिस्त क्षेत्र कुठून आणणार? आयटी पार्कचं ते उंच कुंपण, गेटवरची तपासणी, आत सगळं आणि बाहेर उसाचं शेत, हे दृश्य नुसत्या हौसेतून आलेलं नाही, त्यातलं बरंचसं कर-कायद्यातून आलेलं आहे.

आता पैशांकडे येऊ. एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुम्ही आपापल्या शहराचे घाला.

समजा कंपनीला एका कर्मचाऱ्यामागे ७० चौरस फूट जागा लागते. मध्यवस्तीपेक्षा बाहेरचं भाडं चौरस फुटाला महिन्याला ३० रुपयांनी कमी आहे. म्हणजे एका खुर्चीमागे कंपनीचे महिन्याला २,१०० रुपये वाचले. आता त्या खुर्चीवर बसणाऱ्याकडे बघा. ऑफिस लांब गेल्यामुळे त्याचं जाणं-येणं रोज २४ किलोमीटरने वाढलं. महिन्याचे २४ दिवस धरले तर ५७६ किलोमीटर. दुचाकी लिटरला ४५ देते, पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर साधारण १,३४० रुपये झाले. टायर, ऑइल, सर्व्हिसिंगचे दोन-चारशे वेगळे. आणि रोजची पन्नास मिनिटं जादा गेली तर महिन्याचे वीस तास. वीस तास म्हणजे अडीच दिवसांचं काम, बिनपगारी.

कंपनीचे वाचलेले २,१०० रुपये हवेतून आलेले नाहीत. त्यातला मोठा भाग कर्मचाऱ्याच्या खिशातून आणि त्याच्या संध्याकाळीतून आला. कंपनीने बस दिली, पगारात भत्ता दिला, निदान जेवण दिलं तर हिशेब सुटतो. काहीच दिलं नाही तर तो पगारातली न सांगितलेली कपात आहे. नोकरीच्या पत्रावर हा आकडा कधीच छापलेला नसतो, म्हणून तो आपणच काढायचा.

अंतर सोसण्याची एक मर्यादाही असते. चेझारे मार्केट्टी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये लिहिलं होतं की माणसं पायी असोत, रेल्वेत असोत की मोटारीत, रोजच्या प्रवासाला सरासरी तासाभराचाच वेळ देतात. वाहन वेगवान झालं की वेळ वाचत नाही, घर लांब जातं. आणि रस्ता तुंबला की माणूस घर बदलतो. सांगली-कोल्हापूरची कितीतरी मुलं पुण्यात पेठांमध्ये किंवा कोथरूडला राहायचं ठरवून जातात आणि वर्षभरात हिंजवडीजवळ वाकडला खोली घेतात, ते याच कारणाने. मग ऑफिसजवळचं भाडं चढतं आणि पार्कमुळे झालेली बचत घरमालकाकडे जाते. कर्मचाऱ्याचं गणित पुन्हा तिथेच.

बाईमाणसासाठी हा प्रश्न आणखी वेगळा असतो आणि तो बाजूला ठेवून चालत नाही. मध्यवस्तीतलं ऑफिस सुटलं की रस्त्यावर दिवे असतात, दुकानं उघडी असतात, बसला माणसं असतात. बाहेरच्या पार्कमधून साडेआठला निघालेल्या मुलीला गेटपासून मुख्य रस्त्यापर्यंतचे पाचशे मीटर फार लांब वाटतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे स्त्रीला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि तिच्या संरक्षणाची, घरापर्यंत पोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. हे प्रत्येक मुलीला आणि तिच्या आई-वडिलांना माहीत असावं. पण कायदा साडेनऊला सुरू होतो, आणि अडचण साडेसातलाच सुरू झालेली असते. शिवाय लहान मूल असलेली आई मधल्या सुट्टीत घरी जाऊन येऊ शकते का, शाळेतून फोन आला तर वीस मिनिटांत पोचू शकते का, यावर ती नोकरी टिकणार की सुटणार हे ठरतं. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं केलं. लांबच्या ऑफिसात ते खरोखर आहे का, एवढं मुलाखतीत विचारायला काही हरकत नाही.

एवढं वाचून वाटेल की मी मध्यवस्तीच्याच बाजूचा. तसं नाही, आणि निदान सांगलीत तरी कुणी आंधळेपणाने तसं असू नये, कारण सांगलीच्या मध्यवस्तीला कृष्णा आहे. आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांवर गेलं की धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. मारुती चौक, हरभट रोड, राजवाडा चौक, गणपती पेठ, जिथे शहराचं भाडं सगळ्यांत जास्त, तिथेच पाणी. २००५ ला आलं होतं, २०२१ ला परत आलं. ज्यांनी पूर ओसरल्यावर दुकानातला गाळ काढला, चिखलात भिजलेल्या वह्या आणि फायली रस्त्यावर वाळत घातल्या, कॉम्प्युटर उलटे करून पाणी काढलं, त्यांना ‘गावातच राहा’ असं कोणत्या तोंडाने सांगणार? विजयनगर, विश्रामबागची जमीन उंचावर आहे. जिल्ह्याचं आपत्तीचं काम जिथून चालतं ते कार्यालय पाण्यापासून दूर असणं हे शहाणपणाचंच आहे. सर्व्हर, जुनं रेकॉर्ड, दवाखान्याचा अतिदक्षता विभाग, हे नदीकाठी नकोच.

त्यामुळे सांगलीपुढे ‘गावात की गावाबाहेर’ हा प्रश्न खरं तर निम्मा सुटलेला आहे. शहर पूर्वेला जाणार. उरलेला प्रश्न हा की ते जाणार कसं: मिरज रस्त्याला धरून एका ओळीत, की बायपास आणि शेतांमधून जिथे प्लॉट स्वस्त मिळेल तिथे विखरून. एका ओळीत गेलं तर विलिंग्डन कॉलेजचे विद्यार्थी, वालचंदचे इंजिनिअर, कोर्टाचे वकील, मिरजेचे डॉक्टर एकाच रस्त्यावर राहतात आणि एकच बस सगळ्यांना पुरते. विखुरलं तर कुणालाच बस पुरत नाही, कारण कुठल्याच थांब्यावर पुरेशी माणसं जमत नाहीत.

जगात हे दोन्ही करून झालेलं आहे. पॅरिसने १९५० च्या दशकाच्या अखेरीला शहराच्या वेशीबाहेर ला देफाँस हा ऑफिसांचा भाग आखला, उंच इमारती जुन्या शहरात घुसू नयेत म्हणून. पण १९७० मध्येच तिथे जलद रेल्वे नेली. आज ते ठिकाण बाहेर असूनही बाहेर वाटत नाही. मुंबईत नरिमन पॉइंटचा भार कमी करायला वांद्रे-कुर्ला संकुल उभं केलं गेलं, पण दोन स्टेशनांच्या मधे, आणि वर्षानुवर्षं लोक वांद्र्याला किंवा कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहिले. मेट्रो तिथे पोचली ऑक्टोबर २०२४ मध्ये. हिंजवडीचं तर आणखी लांबलं. शिवाजीनगर ते हिंजवडी या २३ किलोमीटरच्या मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली, तेव्हा पार्कमध्ये एक अख्खी पिढी कामाला लागून कॅबमध्ये बसून म्हातारी होत आली होती. हिंजवडी-माणचा भाग पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींच्या हद्दीत वाढला. पार्क एमआयडीसीचं, बस तिसऱ्याची, रस्त्याचा तुकडा चौथ्याचा. लाखभर माणसं रोज येणार हे दिसत असताना ती कशी येणार याची जबाबदारी एका कुणाची नव्हती.

घरून काम करण्याची सोय आल्यामुळे हा प्रश्न मिटला असं २०२० मध्ये वाटलं होतं. सांगलीच्या घराघरांत माडीवर लॅपटॉप उघडले गेले. नंतर बऱ्याच कंपन्यांनी मुलांना परत बोलावलं, आठवड्यातून तीन दिवस का होईना. तीन दिवसांनी खर्च कमी झाला, पण खोलीचं भाडं काही निम्मं झालं नाही. आणि नव्याने लागलेल्या मुलाला काम शिकवणारं शेजारचं माणूस स्क्रीनवर तितकंसं भेटत नाही. मार्शलचा तिसरा मुद्दा, नुसतं कानावर पडून समजण्याचा, इथे आठवावा.

म्हणून नोकरी घेताना गूगल मॅपवर फक्त अंतर बघू नका, सोमवारी सकाळी नऊची वेळ टाकून बघा. शेवटची बस कितीला, कंपनीची गाडी कोणत्या थांब्यापर्यंत, आणि शिफ्ट लांबली तर ती थांबते का, हे विचारा. ऑफिसच्या चालण्याच्या अंतरात तुमच्या कामाच्या आणखी किती कंपन्या आहेत तेही बघा, कारण उद्या ही नोकरी सुटली तर खोली न बदलता दुसरी मिळेल की नाही हे त्यावर आहे. या बाबतीत हिंजवडीचं पारडं जड आहे, तिथे कंपन्यांची दाटी आहे. एकट्या पडलेल्या पार्कात तसं नसतं.

आणि सांगलीत जे ठरवतात त्यांच्याकडे एक मागणं आहे. सांगली, मिरज आणि कुपवाडची महापालिका १९९८ पासून एक आहे, शहरी बस मात्र एसटी चालवते. इमारतीला परवानगी देणारा एक आणि बस सोडणारा दुसरा, म्हणजे हिंजवडीचीच सुरुवात. सांगली आणि मिरजेच्या मधे रेल्वेचं विश्रामबाग स्टेशन आजही आहे, रूळ आहेत, नवी जमीन घ्यायची नाही. ऑफिसच्या वेळेला सांगली ते मिरज ये-जा करणारी छोटी गाडी मागायला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. तोवर निदान एवढं तरी व्हावं. मिरज रस्त्यावर दोनशे-तीनशे माणसं रोज येतील अशी इमारत उभी राहिली तर भोगवटा प्रमाणपत्र देण्याच्या आधी तिच्या दारात बसथांबा, थांब्यापर्यंत फूटपाथ, दिवे आणि संध्याकाळी साडेआठनंतरची परतीची बस एसटीकडून लेखी ठरलेली असावी. सरकारी कार्यालय हलवताना फायली आणि कपाटं नेण्याचं टेंडर महिनाभर आधी निघतं. बसचं वेळापत्रकही त्याच महिन्यात निघायला हवं.